चार मोकळी घरं

फ्रीसेल या संगणकावर एकट्यानं खेळायच्या खेळात बावन्नच्या बावन्न पत्ते सुरुवातीलाच उताणे मांडलेले असतात. आठ रांगा, बाजूला चार मोकळी घरं. लालवर काळं, काळ्यावर लाल असं उतरतं लावायचं आणि एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग वर चढवायचे. दडवलेलं काहीच नाही, त्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावायची सोय नाही. एवढा आगाऊ खेळ दुसरा नसेल.

मी चाकणच्या एका कारखान्यात उभी हयात प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं. निवृत्तीनंतर ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये बसून बावन्न पत्ते रांगेला लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ! पहिलाच डाव तुंबला. दोन एक्के राजांच्या बुडाखाली आणि चारही घरांत छक्क्या-पंज्या ठाण मांडून. मला वेगळाच संशय आला. विंडोजमधल्या मूळ 32,000 डावांपैकी 11982 क्रमांकाचा एकच डाव सुटत नाही. 1994-95 मध्ये डेव्ह रिंग नावाच्या गृहस्थानं इंटरनेटवर माणसं जमवून बाकीचे सोडवून घेतले होते. तो एकमेव डाव नेमका माझ्याच वाट्याला आला असणार! वरचा क्रमांक पाहिला. भलताच होता. पुढच्या डावाला तरी 11982 येऊ दे, अशी मनोमन प्रार्थना केली.

खरी मेख त्या चार घरांत आहे. चारही मोकळी असतील तर पाच पत्त्यांची माळ एका दमात हलते. तीन भरली की दोनच पत्ते हलतात. पण प्लॅनिंगवाल्याला रिकामी जागा दिसली की माल भरायला हात शिवशिवतात. मग संध्याकाळच्या कोंडीतला भूमकर चौक होतो: प्रत्येकाचं नाक आत, बाहेर कोणीच नाही.

त्यात माझा दश्शीवर जीव. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, चारही पकडल्या की कोट! इथे ती बिचारी गुलाम आणि नव्वी यांच्यामधली शिपाई. हे काही मला पटत नाही. मे महिन्यात गावी ओसरीवर डाव बसायचा. आत्या आणि मी भिडू. तिनं पदर सावरला की बदाम, खोकली की इस्पिक. समोर दादा आणि आई. दादाला सगळं कळायचं, पण तो स्वतः मांडीखाली पान दाबून बसलेला असल्यामुळे बोलायचा नाही. एका वर्षी आत्याला खरोखरच खोकला झाला आणि आम्ही इस्पिक टाकटाकून धुपलो. दोन कोट आमच्यावर! तरी आत्या खोकत खोकत हसत होती.

आता आत्या नाही, दादाही नाही. मुलगा हिंजवडीहून इतका थकून येतो की त्याच्याशी बोलायलासुद्धा जिवावर येतं. आमच्या सोसायटीत पाणी टँकरनं येतं, भाजी फोनवरून येते. चौथा गडी तेवढा कुठूनच येत नाही. एकेका टॉवरमध्ये अख्ख्या गावाइतकी माणसं आहेत आणि लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत उभे असतात. एकट्यानं खेळायचे पत्ते कोणी हौसेनं शिकत असेल असं मला वाटत नाही.

‘‘ती बदाम दश्शी कशाला अडवून धरलीय?’’ मागून बायको म्हणाली. ‘‘इस्पिकच्या गुलामावर जाते की!’’

‘‘हा एकट्याचा खेळ आहे. मध्ये बोलायचं नसतं.’’

‘‘बरं. मग चहाही एकटीपुरताच टाकते.’’

मी मुकाट्यानं दश्शी सोडली. डाव सुटला. अर्थात, माझ्या प्लॅनिंगमुळेच.