एक आधार, अनेक शेतकरी

खास कामासाठी घडवलेल्या डेटाबेसचा उत्तम नमुना म्हणजे 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंतचे पीककर्ज माफ करायचे, एवढे साधे काम. म्हणून बँकांकडून कर्जखात्यांची माहिती तब्बल 66 रकान्यांत मागवण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले राजूर तसे कोळशाचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. पण तिथल्या कास्तकारालाही नियम तोच. नवरा-बायकोने ऑनलाइन अर्ज भरावा, आधार जोडावे, अंगठा यंत्रावर टेकवावा. निंदण-डवरणीत झिजलेल्या रेषा यंत्राला दिसल्या नाहीत, तर तो दोष शेतीचा समजावा.

दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि मग यादीत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक निघाला. टीकाकारांनी याला गोंधळ म्हटले. वस्तुतः ही काटकसर होती. हेच तत्त्व पुढे नेल्यास यवतमाळ जिल्ह्याला एक शेतकरी पुरेल: एक आधार, एक खाते, एक अंगठा. त्याचे कर्ज माफ झाले की जिल्हा कर्जमुक्त. देखभालही सोपी, तेवढा एक शेतकरी जिवंत ठेवावा लागेल. त्यासाठीचा 67 वा रकाना अजून मंजूर व्हायचा आहे.