पारदर्शक मतपेटी

युक्रेनमध्ये निवडणूक होत नाही म्हणून कोणाची झोप उडाली असेल, तर ती व्लादिमीर पुतीन यांची. २०२२च्या फेब्रुवारीत त्यांनी तिथे रणगाडे घातले आणि तेव्हापासून शेजारच्या लोकशाहीच्या आठवणीने त्यांना सारखं भरून येतं. झेलेन्स्की यांची मुदत २०२४च्या मे महिन्यात संपली, मग तहावर सही कोण करणार, असं ते विचारतात. घर पेटवायचं आणि वर घरपट्टीची पावती मागायची, तशातली गत.

स्वतः पुतीन मात्र वेळेचे पक्के. मार्च २०२४मध्ये त्यांनी व्यापलेल्या दोनेत्स्कमध्येही मतदान घेतलं. मतदाराला रांगेचा त्रास नको म्हणून दारावरच थाप. पुढे मतपेटी घेतलेल्या बाई, मागे बंदूकवाला. पेटी काचेसारखी पारदर्शक. खूण कुठे केली ते बंदूकवाल्यालाही दिसावं, इतकी. पुतीन यांना ९५ टक्के मतं पडली. २०२२च्या तिथल्या ‘सार्वमता’त रशियाला ९९ टक्के होती. दीड वर्षात चार टक्क्यांची घसरण! वाहिन्यांनी यावर ‘प्रस्थापितांना धक्का’ म्हणून तासभर चर्चा रंगवायला हवी होती.

ते गळालेले चार टक्के बहुधा वॉशिंग्टनला पोचले. २०२५च्या फेब्रुवारीत ट्रम्प यांनी झेलेन्स्कींना हुकूमशहा ठरवलं आणि त्यांची लोकप्रियता चार टक्क्यांवर आणून ठेवली. कीव्हच्या एका संस्थेच्या पाहणीत मात्र तेव्हा ५७ टक्के निघाले. युद्धात निवडणूक घेता येत नाही, हे ऑगस्टमध्ये झेलेन्स्कींच्या तोंडून ऐकल्यावर ट्रम्प यांचे डोळे लकाकले: म्हणजे साडेतीन वर्षांनी आमचं कुणाशी युद्ध चालू असलं, तर आमच्याकडेही निवडणूक नाही? सगळे हसले. मस्करीच होती म्हणे.

कीव्हचे खासदारही काही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत हं. लष्करी कायदा असेतो निवडणूक नाही. त्याला दर ९० दिवसांनी मुदतवाढ देतात ते हेच, २०१९ साली निवडून आलेले. हात वर केला की देशही वाचतो, खुर्चीही. पण खुर्चीवर डोळा असलेले माजी राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्कोसुद्धा युद्धात निवडणूक नको म्हणतात, तिथे बोलायचं कोणी?

तरीही हट्टच असेल तर घ्या. खारकीव्हमध्ये शाळा मेट्रो स्थानकांत भरते, मतदान केंद्रंही तिथेच मांडू. खंदकातल्या जवानांचं आणि परदेशी पांगलेल्या लाखोंचं मग बघू. फक्त मतदानाआधी भोंगे बंद, हा आचारसंहितेचा नियम हवाई हल्ल्याच्या भोंग्यालाही लावा. त्यावर सही तेवढी मॉस्कोहून आणा.