घाटाची गाडी

कुडपणचा मुंबईकर चाकरमानी गाडी घेतो ती गणपती आणि शिमग्यासाठी. सात माणसं, टपावर बोचकी, पुढे घाटाची वळणं. मग डिझेलच हवं, कमी आरपीएमलाही ओढ दांडगी! भावकीचा ठराव झाला. मारुतीनं २०२० सालीच डिझेल सोडलं, म्हणून नवी अर्टिगा बाद.

उरलेलं वर्षभर हा डिझेलचा पैलवान पोरांना क्लासला सोडतो आणि कोथिंबीर आणतो. अशा तोकड्या फेऱ्यांत धुराच्या गाळणीतली काजळी जळतच नाही. साचते, दिवा पेटतो. मेकॅनिक म्हणतो, ‘हायवेला पळवून आणा.’ म्हणजे काजळी जाळायला गावी! ग्रामदेवतेला इतक्या भेटी नवसानंही मिळाल्या नव्हत्या. आजी मात्र, पेट्रोल असो की डिझेल, तिसऱ्या वळणाला पिशवीच मागते.