चंद्र वृश्चिकेत, पोरगं वाळूत

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत आता एकही पोर हट्टी राहिलेलं नाही. एकही नाही! बी विंगमधला तो सव्वातीन वर्षांचा, लिफ्टची सगळी बटणं दाबून मगच बाहेर पडतो ना, तो हट्टी नव्हे हो. त्याच्या लग्नी मंगळ आहे. तळमजल्यावरची रोज शाळेच्या व्हॅनसमोर फतकल मारते, तिच्या चंद्रावर शनीची दृष्टी आहे, म्हणून तिला 'बदल पचवायला वेळ लागतो'. आमच्या वेळी काय होतं? एक धपाटा. तो कुठल्या स्थानी बसला हे पत्रिका न उघडताच कळायचं.

पत्रिकेचं आपल्याला कौतुक नाही असं कोण म्हणेल? बाळ जन्मलं की आधी घड्याळ बघायचं, मग बाळ. बारशाला नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर काढायचं. (आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' निघतो आणि हस्ताच्या तिसऱ्याला 'ण'. तेव्हा घरचे गुपचूप आपल्या आवडीचं नाव ठेवून मोकळे व्हायचे.) मूळ किंवा आश्लेषा निघालं तर शांत करायची. एवढं झालं की पत्रिका कपाटात जायची, ती थेट स्थळं बघायची वेळ आली की बाहेर. पोराचा स्वभाव तिला कुणी विचारत नसे. त्यासाठी आत्या होती. "अगदी आजोबांवर गेलाय मेला!" झालं निदान.

आता आत्या कॅनडात, आणि मोबाइलमध्ये ॲप. जन्मवेळ घातली की रंगीत वर्तुळासकट भलीमोठी पीडीएफ हजर. त्यात मुलाच्या 'भावनिक गरजा' असं वेगळं प्रकरण! परवा संध्याकाळी बागेत एका आईने ते मला भक्तिभावाने वाचून दाखवलं.

"काकू, याचा मून स्कॉर्पिओत आहे. त्याला प्रायव्हसी लागते. विचारल्याशिवाय जवळसुद्धा घ्यायचं नाही."

हे चाललेलं असताना तो प्रायव्हसीवाला घसरगुंडीखाली बसून दुसऱ्या एका मुलीच्या सँडलमध्ये ओली वाळू ठासत होता. जिभेचं टोक बाहेर, अगदी मन लावून. एक सँडल भरली, थापटून सपाट केली, मग दुसरी घेतली.

बाकावरून आजी म्हणाल्या, "स्कॉर्पिओ म्हणजे वृश्चिकच ना? अगं, वृश्चिकेचा चंद्र नीचेचा. आपल्या सोन्याची तूळ आहे. विशाखा नक्षत्र, राक्षसगण."

"आई, त्याच्यासमोर राक्षस नका ना म्हणू!"

"मी कुठे म्हणतेय? पंचांग म्हणतंय."

आणि गंमत बघा, दोघीही आपापल्या जागी बरोबर. ॲप सायन, पंचांग निरयन; दोन्हींत सुमारे 24 अंशांचा फरक. तिकडे वृश्चिकेत दिसणारा चंद्र आपल्याकडे बहुतेक वेळा तुळेतच सापडतो. घरात टिळक पंचांग असेल तर अंश आणखी सरकतात, ते वेगळंच. म्हणजे एकच पोरगं फोनवर घुमं आणि खोल, अन् पत्रिकेत समतोल, मिळूनमिसळून राहणारं. शिवाय चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस मुक्काम ठोकतो. तेवढ्यात एका प्रसूतिगृहात जन्मलेल्या झाडून सगळ्यांना प्रायव्हसी कुठून पुरवायची? राक्षसगणाचं म्हणाल, तर 27 पैकी 9 नक्षत्रं त्या गणाची. सरासरीने तीन पोरांत एक राक्षस. बालवाडीच्या बाईंना विचारा, त्यांना हा आकडा कमीच वाटेल.

त्या पीडीएफमधलं एक वाक्य तर मला पाठच झालंय: 'तुमचं मूल वरून मजेत दिसलं तरी आतून हळवं आहे आणि त्याला कौतुकाची गरज आहे.' अहो, हे आमच्या वॉचमनलाही लागू पडतं. आमच्या ह्यांना तर तंतोतंत! बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली हाच खट्याळपणा केला होता. वर्गातल्या प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून स्वभाववर्णन दिलं, सगळ्यांना एकच, आणि तेही बरंचसं पेपरच्या स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. मुलांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. एवढे गुण आमच्या वर्गात कुणाला पडत नसत.

आणि आपल्या पुण्यात काय झालं ते तर या मंडळींसमोर काढायचीच सोय नाही, शुभकार्यात शिंकल्यासारखं होतं. 2008 साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चक्क मुलांच्याच पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या. 100 हुशार विद्यार्थ्यांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40, आणि प्रश्न एवढाच की कोणती कुणाची? 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. सर्वांत वरचा नंबर 40 पैकी 24. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जुळली असती, आणि नाणं दक्षिणा मागत नाही. आता एवढा ढोबळ फरक ज्या कागदात दिसला नाही, त्यात म्हणे पोराला मिठी कधी हवी आणि एकटेपणा कधी, हे दिसतं!

हे मी बोलून दाखवलं. बागेत शांतता. मग ती आई हळूच म्हणाली, "पण काकू, बाकी सगळे म्हणतात मी लाडावून ठेवलाय. हे एकच म्हणतं की माझं काही चुकलं नाही."

घ्या! खरी भावनिक गरज कुणाची होती ते कळलं. डॉक्टर म्हणतात स्क्रीन कमी करा, शाळा म्हणते घरी लक्ष द्या, सासूबाई तर काय, बाकावरच बसलेल्या. सगळ्या खापरांना एकच डोकं. तिला शनी परवडला. मी तरी त्यावर काय बोलणार? वाळूच्या सँडल धुवायला नळाकडे गेले.

बापांची मात्र मजा बघवत नाही. ए विंगमधले एक गृहस्थ गेले दोन रविवार मुलीला पोहायला नेत नाहीत, कारण तिची रास जलतत्त्वाची आणि यांची अग्नितत्त्वाची, 'आमचं पाण्यात जमत नाही'. पोरंही काही कमी नाहीत. पहिलीतला एक परवा गृहपाठाला बसवल्यावर म्हणतो कसा, "मी मेष आहे, मला बसवत नाही." आईला एवढं भरून आलं की वही तिनेच पूर्ण केली.

आणि आता कहर ऐका. कुणाला सांगू नका, पण सी विंगमध्ये बाळ यायचंय. सिझेरियनची तारीख डॉक्टरांनी दिलीय, वेळ गुरुजींनी. लग्न दर दोनेक तासांनी बदलतं ना, म्हणून 'सिंह लग्न द्या, नेतृत्व हवंय' अशी ऑर्डरच गेलीय. सकाळी 10:42 ते 11:08. नेता जन्माला येऊन उद्या घरातच नेतेगिरी करायला लागला तर तक्रार गुरुजींकडे करायची की डॉक्टरांकडे, हे अजून ठरलेलं नाही. भूलतज्ज्ञ बाई वेळेवर पोचणार का, हेही कुणी विचारलेलं नाही. त्या दुचाकीवरून येतात, पुलावरून, ऐन साडेदहाच्या गर्दीत.