बाजेबाहेरची मतं

बारशाच्या घुगऱ्या हातात पडल्या आणि पाळण्यातली कुरकुर थांबली, की मंडळी बाळाला सोडून बाळंतपणाकडे वळतात. ‘नॉर्मल की सिझर?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ‘सिझर’ आलं तर विचारणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू मूल आलं खरं, पण तिकीट न काढता आलं. मग कुणीतरी सुस्कारा टाकतं, ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं. सगळी घरीच व्हायची.’ हे म्हणणारा बहुधा पुरुष असतो, आणि ‘त्याच्या वेळी’ तो ओसरीवर सुपारी कातरत बसलेला असतो.

आमच्याकडे ही जागा माझ्या आतेभावाने अडवून ठेवली आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने मुळशीच्या बाजूला थोडी जमीन घेतली, एक गीर गाय घेतली आणि निसर्गाच्या वतीने बोलायला सुरुवात केली. बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, मग दवाखाना कशाला, हा त्याचा मूळ सिद्धान्त. खोडायला गेलं की तो गाय पुढे करतो. ‘गाई-म्हशी जातात का मॅटर्निटी होममध्ये?’

ती गाय व्यायला झाली तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. संध्याकाळी तिने गोठ्यात फेऱ्या मारायला सुरुवात केली आणि याने फोन लावायला. नेहमीचे गुरांचे डॉक्टर लग्नाला गेलेले, म्हणून दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना गाडी पाठवून आणलं. वासराचे पुढचे खूर दिसले, त्यावर टेकलेलं नाक दिसलं, सगळं बिनबोभाट पार पडलं. डॉक्टरांनी चहा घेतला, फी घेतली, आणि तरी पहाटेपर्यंत याने त्यांना उठू दिलं नाही. मी हळूच म्हटलं, ‘अरे, निसर्ग?’ तर म्हणाला, ‘अगं, साठ हजारांची गाय आहे!’

दुसरा पुरावा प्रत्येक घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेला असतो. कुणाची तरी पणजी भांगलता भांगलता बांधाच्या कडेला बाळंत झाली, तिने विळ्याने नाळ कापली, मूल पाटीत घातलं आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. ही गोष्ट मी साताऱ्याच्या, नगरच्या, लातूरच्या माणसांकडून ऐकली आहे. भाकऱ्यांचा आकडा तेवढा बदलतो. कोकणात ती भात लावताना बाळंत होते. या पणजीविषयी मला अपार आदर आहे. फक्त त्या दिवशी भाकऱ्या थापायला घरात दुसरं कुणीच नव्हतं का, हे कुणी सांगत नाही. आणि बांधावरच जिचं काही बरंवाईट झालं, तिची गोष्ट बारशात ऐकायला मिळत नाही, कारण ती सांगायला तिचा पणतू जन्मालाच आलेला नसतो.

आतेभावाची आई, म्हणजे आमची आक्का, या वादात पडत नाही. नव्वदीला टेकली आहे, कान तिखट आहेत. तिची सगळी बाळंतपणं घरात झाली, वाईजवळच्या गावात, माजघरामागच्या काळोख्या खोलीत. त्या खोलीचं वर्णन ती असं करते की ऐकणाऱ्याचे डोळे चुरचुरावेत. सुंभाची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा, उशाखाली विळा, आणि वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट. सुईणीला गावात कुणी नावाने हाक मारत नसे, नात्याने मारत. पोटावर तेलाचा हात फिरवून बाळ सरळ आहे, आडवं आहे की पायाळू, हे ती सांगायची. आक्काच्या मते ती कधीच चुकली नाही. म्हणजे आडवं आहे हे ती अचूक सांगायची. पुढे काय करायचं ते तिच्या हातात फारसं नसे. तिची बिदागी म्हणजे लुगडं, खण आणि सूपभर जोंधळे. मुलगा झाला तर वर नारळ.

‘आक्का, मुलं किती तुला?’ असं विचारलं तर ती एका आकड्यात उत्तर देत नाही. ‘सात झाली, चार राहिली,’ म्हणते. तिच्या वयाच्या सगळ्याच बायका असा दुहेरी हिशेब देतात आणि देताना त्यांचा आवाज बदलत नाही. राहिलेल्या चारांतला एक आमचा निसर्गवादी. न राहिलेल्यांतलं एक नवव्या दिवशी गेलं. आधी दूध ओढेनासं झालं, मग जबडा बसला, मग अंग ताठलं. सटवाईचा कोप झाला, असं सासूने जाहीर केलं. पाचवीला कोरा कागद आणि लेखणी मांडली होती, पण दौतीत शाई भरायची राहून गेली होती म्हणे. सटवाई लिहिणार कशाने?

तो धनुर्वात होता. नाळ कापलेला विळा, नाळेच्या टोकाला लावलेली शेणाची राख, एवढं त्याला पुरतं. सटवाई बिचारी पिढ्यानपिढ्या विळ्याचा आळ आपल्या अंगावर घेत आली. पुढे दाईंच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवू लागले: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळेचं टोक. गरोदर बायकांना लस टोचली जाऊ लागली. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. शाईची दौत त्यात कुठेही नव्हती.

आक्काची धाकटी जाऊही बाळंतपणात गेली. मूल चांगलं झालं, वार पडली नाही. आक्का याहून जास्त सांगत नाही; पुढे गोधड्या धुवायला नदीवर किती खेपा कराव्या लागल्या, ते सांगते. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. मूल बाहेर आलं की वार सुटावी लागते आणि पिशवी मुठीसारखी घट्ट आवळली जावी लागते, तेव्हाच ते वाहणं थांबतं. बहुतेकींच्या बाबतीत हे आपोआप होतं. ज्यांच्या बाबतीत होत नाही, त्यांच्यापाशी फार तर तासा-दोन तासांचा अवधी असतो. दवाखान्यात यासाठी मूल होताच दंडाला नाहीतर मांडीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. 2018 साली तमिळनाडूत तिरुप्पूरला एका शिकल्यासवरल्या जोडप्याने यूट्यूब बघून घरी बाळंतपण केलं. मूल वाचलं, आई रक्त जाऊन गेली. बातमी वाचून आतेभाऊ म्हणाला, ‘त्यांनी व्हिडिओ नीट पाहिला नसेल.’

कोंडीत सापडला की तो इतिहासात शिरतो. ‘शिवाजी महाराज कुठल्या हॉस्पिटलात जन्मले?’ यावर महाराष्ट्रात कोण तोंड उघडणार? पण मला वाटतं, या उदाहरणात त्याचाच पराभव आहे. मुलूख धामधुमीचा, म्हणून जिजाऊंना मुद्दाम शिवनेरीवर ठेवलं होतं. त्या काळी मिळण्यासारखी सर्वांत सुरक्षित जागा निवडली होती, ‘जे होईल ते होऊ दे’ म्हणून माळावर सोडलं नव्हतं. लगेच पुढच्या वर्षी, 1631 मध्ये, आपल्या रावेरपासून फार लांब नसलेल्या बुऱ्हाणपुरात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. खुद्द बादशहाची बेगम! साऱ्या हिंदुस्थानातले हकीम हात जोडून उभे राहिले असते. पण त्या रक्तावर इलाज कुणाकडेच नव्हता. तिच्यामागे उभी राहिलेली इमारत आपण सहलीला जाऊन बघतो, तिच्यासमोर फोटो काढतो, आणि ती बाळंतपणात गेलेल्या बाईची कबर आहे हे आपल्या मनातही येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, कारण दवाखान्याची बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. हे गावभर ठाऊक होतं. बायका पाया पडून सांगत, आम्हाला तिकडे नको. रस्त्यात बाळंत होऊन मग इस्पितळात येणाऱ्या बायकांनासुद्धा तो ज्वर कमी व्हायचा. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला 1847 मध्ये उमगलं की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून थेट बाळंतिणीकडे येतात. त्याने सगळ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झरझर खाली आले. सहकाऱ्यांना राग आला. आमचे हात घाण म्हणता? त्या काळात, त्या गावात मी असते तर आतेभावाच्या बाजूने मत दिलं असतं.

आजच्या दवाखान्याविषयीही बोलण्यासारखं आहे. लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईला जे ऐकवलं जातं, ते मी इथे लिहिलं तर संपादक कापतील. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 100 पैकी जवळजवळ 95 बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. 2005-06 मध्ये ती 65 च्या आसपास होती. ही आनंदाची गोष्ट. पण त्याच पाहणीत देशातल्या खासगी इस्पितळांत जवळजवळ निम्मी बाळंतपणं सिझरने झालेली आहेत. एवढ्या बायकांची अडचण होत नसते. यात सगळा दोष डॉक्टरांचा, असंही नाही. ज्योतिषाकडून वेळ काढून आणणारी, ‘साडेनऊच्या आत काढा, नंतर नक्षत्र बदलतं’ म्हणणारी माणसं मला माहीत आहेत. तीच माणसं बारशाला ‘आमच्या आजीच्या सात डिलिव्हऱ्या घरी’ हे सांगतात.

एकूण, घराची ओढ लागते ती घराच्या भिंतींची नसते. आपलं माणूस जवळ असावं, वाटेल तेव्हा उठता-बसता यावं, कुणी खेकसू नये, गरम काहीतरी प्यायला मिळावं, एवढंच त्यात मागणं असतं. हे मागणं अजिबात वेडगळ नाही. वेडगळपणा सुरू होतो तो ‘जाणतं कुणी नको’ म्हणण्यापासून. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी 1990 च्या दशकात हेच ओळखलं. दवाखाना लांब, बाळंतपणं घरीच होणार. मग गावातल्याच बायकांना शिकवून घरी पाठवू. 39 गावांतल्या त्या आरोग्यदूतांच्या पिशवीत बाळाचं वजन करायचा काटा होता, श्वास द्यायचा मास्क होता, प्रतिजैविकाचं इंजेक्शन होतं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे देशभरच्या आशाताईंनी हेच काम हाती घेतलं. घर तेच होतं. दारातून आत येणाऱ्या बाईला काय येतं, यात फरक पडला होता.

ज्यांना खरोखरच घरी बाळंत व्हावं लागतं, त्यांचं मत विचारायला मात्र कुणी जात नाही. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत पावसाळ्यात रस्ता संपतो आणि बाईला झोळीत घालून उचलून न्यावं लागतं. तिच्यासाठी सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी राहायची सोय काढली, दिवस भरत आले की आधीच येऊन राहायचं, धाकटी मुलं आणि एखादी नातेवाईक बरोबर आणायची. त्या योजनेचं नाव ‘माहेरघर’. सरकारी योजनांना नावं देणाऱ्या माणसावर मी एरवी कधी खूश होत नाही, पण इथे त्याने बाजी मारली.

आमच्या घरात हा वाद नव्याने पेटला तो भाचीमुळे. ती नवऱ्यासोबत नेदरलँड्समध्ये ॲमस्टेलवेनला असते. तिला दिवस गेले, आणि तिथल्या सुईणबाईंनी सहज विचारलं, ‘घरी की दवाखान्यात?’ तिकडे ही चैन नाही, जुनी रीत आहे; आजही सहा-सात बाळांतलं एखादं घरी जन्मतं. बहीण पुण्यात डिंकाचे लाडू वळत होती, ती हात तसाच ठेवून खाली बसली. त्यातून घरी पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून पलंग उंच करा, असा निरोप. बहिणीला वाटलं, काहीतरी तोडगा आहे. तो होता नर्सबाईंची कंबर वाकू नये म्हणून. मूल झालं की पाहुण्यांना तिथे टोस्टवर साखर चढवलेली बडीशेपेसारखी गोळी देतात, मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. हे कळल्यावर बहिणीचा जीव जरा भांड्यात पडला. शोपा खाणारी माणसं अगदीच परकी नसणार.

आतेभाऊ तर हर्षाने फुलला. ‘बघा, युरोप परत निसर्गाकडे चाललाय!’ असा संदेश त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आक्काला त्यातलं काही कौतुक नव्हतं. तिने बहिणीला फोन लावायला सांगितला आणि तीनच गोष्टी विचारल्या. येणारी बाई शिकलेली आहे का? आहे, चार वर्षं शिकलेली. गाठीला इंजेक्शन असतं का? असतं. आणि अडलं तर पोरीला न्यायचं कशातून? ॲम्ब्युलन्स येते, आणि इस्पितळ आधीच ठरलेलं असतं. ‘मग होऊ दे कुठेही,’ आक्का म्हणाली.

पहिलटकरणींचं तिकडे बऱ्याचदा होतं तसंच झालं. कळा रेंगाळल्या, सुईणबाईंनी रात्रीच निर्णय घेतला आणि भाचीला दवाखान्यात हलवलं. पहाटे मुलगी झाली. ग्रुपवर फोटो आला, पाठोपाठ प्रश्नांची सरबत्ती झाली. वजन किती, नाक कुणासारखं, जावळ आहे का, रास कोणती, आणि आतेभावाचं ‘नैसर्गिक ना?’ बहीण सगळ्यांना उत्तरं देत होती. आक्काने तिला फोनवर गाठून विचारलं, ‘वार पुरती पडली का गं?’

बहिणीने ते विचारलंच नव्हतं. तिने तो फोन ठेवून ॲमस्टेलवेनला लावला.