खादी फील

सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान निघालं: १५ ऑगस्ट, सकाळी साडेआठ, ड्रेस कोड खादी. आम्ही राहतो बंगळूरच्या सर्जापूर रोडवर. इब्लूरच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला सूत कातून, विणून, सदरा शिवून घ्यायला वेळ मिळतो. पण टकळी कुणाकडे आहे? मोबाईल आहे. कुर्ता अठरा मिनिटांत दारात. इथे माणूस सरकत नाही, कुर्ता बरोबर सरकतो.

लेबल वाचलं. वर ठसठशीत 'खादी फील', खाली मुंगीच्या अक्षरांत साठ टक्के पॉलिएस्टर. आमचे आजोबा वर्ध्याकडचे, हातातला पेळू संपल्याशिवाय जेवायला न उठणारे. त्यांच्या सदऱ्याला फील नव्हता, तो नुसता टोचायचा. भिजला की घोंगडीएवढा जड. धुवायचा आजीने. "देश सुटला, माझे हात कधी सुटायचे?" असं ती दगडावर सदरा आपटत विचारी. आजोबा तेव्हा हमखास कमी ऐकत.

झेंडावंदनाला गेलो तर झेंडाही पॉलिएस्टरचा! बेकायदा काही नाही. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्राचं कापड आणि पॉलिएस्टर दोन्ही चालू लागलं. त्याआधी हाताने कातलेलं, हाताने विणलेलंच लागे. १९२१ साली गांधीजींच्या मनातल्या झेंड्यावर चरखा आला. २२ जुलै १९४७ला झेंड्यावर अशोकचक्र ठरलं, चरखा चित्रातून गेला, कापडात राहिला. २०२१ला कापडातूनही सुटी. शंभर वर्षं नोकरी झाली. पेन्शनचं कुणी विचारलं नाही.

मी भीत भीत सेक्रेटरींना म्हटलं, याच राज्यात हुबळीला, बेंगेरीत, खादीचे झेंडे शिवतात. आमच्या नांदेडलाही शिवतात. मागवू या का पुढच्या वर्षी?

"अंकल, डिलिव्हरी किती दिवसांत?"

मी गप्प.

"आणि पॉलिएस्टर कसा फडकतो बघा!"

फडकत होता, खोटं कशाला बोलू. हवा नव्हती तरी फडकत होता.

ज्या सर्जापूरचं नाव या रस्त्याला आहे तिथे एकेकाळी विणकर होते, तलम मलमल निघायची. आता विणकाम रस्त्यावरच चालतं: मोटारी उभा धागा, दुचाक्या आडवा, टँकर आला की गाठ.

पूर्वी निदान भानगड सरळ होती: माणसं टेरिलीनमध्ये आणि झेंडा खादीत. आता झेंडा पॉलिएस्टरचा आणि आम्ही 'फील'मध्ये. राष्ट्रगीताला सगळे ताठ उभे. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या कॉलरमधून पुठ्ठ्याचा टॅग डोकावत होता. मी हळूच आत खोचायला गेलो, तर त्यांनी मान न वळवता कुजबुजून सांगितलं, "जपून हं, फाटला तर परत घेत नाहीत."

१६ तारखेला गेटवर परतीच्या पिशव्यांचा ढीग होता. वॉचमनने त्या कोरड्या राहाव्यात म्हणून वर काहीतरी पांघरलं होतं. बघितलं, तर त्याचा स्वतःचा जुना पंचा.