साहेब तालात आहेत

नांदेड-लातूरकडच्या हौशी कराओके मैफलींनी गायनकलेवर मोठे उपकार केले आहेत. तालाची जबाबदारी त्यांनी गायकाच्या डोक्यावरून काढून लॅपटॉपवाल्या पोराच्या डोक्यावर ठेवली. कोबेच्या दाइसुके इनोऊ यांनी १९७१ साली कराओके यंत्र बनवले. पुढे २००४ मध्ये त्यांना इग नोबेलचे शांतता पारितोषिक मिळाले, माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत दिली म्हणून. आमच्याकडे अशी कदर कोण करतो!

पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवणाऱ्या एलआरसी फाइलमध्ये प्रत्येक ओळीपुढे मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा शंभरावा भाग टिपलेला असतो. शिवाय ‘ऑफसेट’ नावाचा एक आकडा, तोही मिलिसेकंदांत. तो बदलला की सगळ्या ओळी एकदम मागेपुढे सरकतात. त्यामुळे गाणारे साहेब अंतऱ्याला उशिरा आले तर त्यांना टोकायचे नाही, शब्दच उशिरा आणायचे. अक्षरांवरचा पिवळा रंग साहेबांच्या मागून अदबीने चालतो. समेवर तबला एकटाच पोचतो, त्याला शिस्त नाही.

ही सोय मैफलीपुरती ठेवणे करंटेपणाचे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. केवढा तो खटाटोप! नळाला ऑफसेट लावला असता तर पाणी उशिरा आलेच नसते, लोकांना तहान लवकर लागली एवढेच निघाले असते.

प्रमुख पाहुण्यांना ही सेटिंग आधीपासूनच आहे. पत्रिकेत सहा छापतात, पाहुणे साडेआठला येतात, निवेदक वेळात वेळ काढल्याबद्दल आभार मानतो आणि सहाला आलेली मंडळी ओशाळून टाळ्या वाजवतात.